पास मात्र त्यालाच

आमच्या फुटबॉल टीममधल्या एका पोरानं जर्सी काढली, माझ्या पायाशी टाकली आणि गेटकडे चालू लागला. आज सकाळी, ढोबरवाडीच्या मैदानावर, मॅचला जेमतेम वीस मिनिटं असताना. मागच्या रविवारी तर रेफ्रीच्या अंगावर धावून गेला होता. वय वर्षं सोळा, आणि डावा पाय असा की बघत राहावं.

दोन पालक लगेच म्हणाले, "काढून टाका त्याला. बाकीची पोरं बिघडतील."

आमचा गोलकीपर खाली बसून ग्लोव्हज घालत होता. वर न बघता म्हणाला, "दादा, काढा म्हणणारी पोरंसुद्धा मॅचमध्ये पास मात्र त्यालाच देतात."

दिवसभर तेच डोक्यात घोळतंय.

जानेवारी 1995 मध्ये मँचेस्टर युनायटेड या इंग्लिश क्लबच्या एरिक कॅन्टोनानं प्रेक्षकाला लाथ मारली. सप्टेंबरअखेरपर्यंत बंदी आली. शिवाय 120 तासांची समाजसेवा, ती त्यानं मुलांना फुटबॉल शिकवून पूर्ण केली. तो इंग्लंड सोडायला निघाला, तेव्हा त्याला थांबवायला त्याचे मॅनेजर अ‍ॅलेक्स फर्ग्युसन स्वतः पॅरिसला गेले. तो परतला आणि 1996 ला मँचेस्टर युनायटेडनं लीग आणि एफए कप दोन्ही जिंकले. पण शिक्षा त्यानं पूर्ण भोगली होती, हे आपण सोयीनं विसरतो.

मला वाटतं, आमच्या या पोराला दोन मॅच बाहेर बसवावं, पण सरावाला रोज बोलवावं. धाकट्या पोरांना शिकवायला लावावं.

जर्सी अजून माझ्या गाडीच्या डिकीत आहे. उद्या त्याच्या घरी घेऊन जाऊ, की तो यायची वाट बघू?