गीर: सिंह, गोचिडी आणि पुण्याची प्रयोगशाळा

गीरला माझ्याबरोबर मेहुणा होता आणि तो गुरांचा डॉक्टर आहे. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर सिंहाच्या लेखात गोचिडी एवढ्या का आल्या असं तुम्हाला वाटेल.

पुण्याहून वेरावळला आठवड्यातून एकदा गाडी सुटते. जुनागढला उतरायचं आणि मेंदरड्यावरून भाड्याच्या गाडीने सासण गाठायचं. प्रवासात सांगण्यासारखं फार काही नाही. तलाला भागातल्या केसर आंब्याच्या बागांत मार्चच्या सुरुवातीला कैऱ्या धरायला लागलेल्या असतात, तेवढ्या बघून घ्या.

सफारी पहाटेची घेतली होती. साग पानं गाळून उभा आणि खाली सगळा वाळका पाचोळा. त्या पाचोळ्याचा आणि सिंहिणीचा रंग इतका एक की गाईडने "डाबी बाजू, साहेब" म्हणून बोट दाखवल्यावरही मला काही दिसेना. मग एक कान हलला. दोन सिंहिणी आणि त्यांच्या अंगावर लोळणारी पिल्लं, रस्त्यापासून फार तर वीस पावलांवर. मी मोबाइल काढेपर्यंत मेहुण्याने दुर्बीण लावली होती. "दाजी, कानाच्या मागे बघा. गोचिडी." खरंच, कानाच्या मुळाशी राखाडी दाण्यांचा पुंजका चिकटला होता.

गाईड वनखात्याच्या संशोधकांबरोबर काही वर्षं फिरलेला. त्याने दुर्बीण तोंडावर रोखायला सांगितली. मिशा जिथून फुटतात तिथे काळ्या ठिपक्यांच्या ओळी असतात. सगळ्यात वरच्या ओळीत मोजकेच ठिपके, आणि ते खालच्या ओळीतल्या नेमक्या कोणत्या ठिपक्यांच्या वर आलेत हे प्रत्येक सिंहाचं वेगळं. डाव्या गालाचं वेगळं, उजव्याचं वेगळं, आणि जन्मभर तेच. ही पद्धत 1970 च्या सुमारास केनियात बसवली गेली. देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेचे लोकही गीरचे सिंह असेच ओळखतात. कानाची चीर, जुनी जखम, या खुणा जोडीला. बेशुद्ध करायला नको, पट्टा घालायला नको. मला हे फारच आवडलं.

नर त्यांच्याजवळ नव्हता. माझ्या डोक्यात टीव्हीवरचा आफ्रिकेतला कळप होता, मध्ये आयाळवाला आणि भोवती सगळा गोतावळा. गीरमध्ये तसं नाही. इथलं भक्ष्य प्रामुख्याने चितळ, म्हणजे लहान, त्यामुळे सिंहिणींचे गट छोटे. नर वेगळे राहतात, बहुधा दोघं-तिघं जोडीने, आणि माद्यांकडे येतात ते मीलनापुरते किंवा मोठी शिकार पडली तर. त्या जोडीतही सगळं सारखं वाटून घेणं नसतं. स्तोत्र चक्रवर्ती आणि यादवेंद्रदेव झाला यांच्या अभ्यासात जोडीतला वरचढ नर सत्तर टक्क्यांहून जास्त मीलनं एकटाच पटकावताना दिसला. दुसरा तरी का टिकतो? एकट्या नराला हद्द राखताच येत नाही म्हणून.

सिंहिणी त्याहून हुशार. नवा नर आला की आधीच्याची पिल्लं मारतो, हे सिंहांच्या जगातलं जुनं दुखणं. गीरच्या माद्या आजूबाजूच्या निरनिराळ्या जोड्यांमधल्या नरांशी मीलन करतात. मग पिल्लं कोणाची याचा पत्ता कोणालाच लागत नाही आणि पिल्लं वाचतात. गाईड हे सांगताना पुढच्या जीपमधल्या दोन काकू जोरात हसल्या. म्हणजे तिकडेही तोच विषय चालू होता.

परतताना मेहुण्याने 2018 चा विषय काढला. त्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पूर्व गीरच्या दलखाणिया भागात 23 सिंह गेले. आधी आपापसातली मारामारी, फुप्फुसाचा संसर्ग अशी कारणं पुढे आली. नमुने पुण्याला राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेत पोचले आणि निदान झालं कॅनाइन डिस्टेंपर. मेहुण्याच्या दवाखान्यात या रोगाची कुत्र्याची पिल्लं नेहमी येतात. डोळ्यांना चिपडं, नाक वाहतंय, मग झटके. त्यावर लस आहे, पण ती गावातल्या भटक्या कुत्र्याला टोचणार कोण? गीरच्या उरलेल्या सिंहांसाठी मात्र लस अमेरिकेहून मागवावी लागली.

आफ्रिकेतल्या सेरेंगेटीत 1994 साली याच विषाणूने साधारण एक तृतीयांश सिंह गेले होते. नंतर साठवलेलं जुनं रक्त तपासलं तेव्हा कळलं की विषाणू त्याआधीही येऊन गेला होता आणि सिंहांना फारसं काही झालं नव्हतं. मग 1994 लाच काय झालं? दुष्काळ पडला, रानम्हशी खंगल्या, त्यांच्यावर गोचिडी माजल्या. त्या म्हशी खाणाऱ्या सिंहांच्या रक्तात बबेसिया बेसुमार वाढला, आणि वरून डिस्टेंपर. बबेसिया म्हणजे गोचिडींतून रक्तात शिरणारा परजीवी, आपले शेतकरी गोचीड ताप म्हणतात तो यातलाच प्रकार. सिंहिणीच्या कानामागे बघून मेहुण्याचा चेहरा का पडला ते मला इथे कळलं.

दुपारी एका मालधारी, म्हणजे गीरमधल्या गुराखी समाजातल्या, बांच्या (आजींच्या) घरी चहा झाला. अंगणात जाफराबादी म्हशी. मेहुणा कपबशी खाली ठेवून थेट म्हशीची शेपटी उचलायला गेला आणि मग तासभर दोघांचं गोचिडींवरच्या औषधांवर चाललं होतं, हा मराठी-हिंदीत आणि बा गुजरातीत. सावजाने (तिकडे सिंहाला सावज म्हणतात) वासरू नेल्याचं बांनी असं सांगितलं की जणू पाऊस पडल्याचं सांगतायत. दाराशी दोन कुत्री झोपली होती. मेहुण्याने लसीचं विचारलं. बांनी हात झटकले.

2025 च्या गणनेत सिंह 891 भरले, पैकी निम्म्याहून जास्त संरक्षित जंगलाबाहेर. शेतांत, ओढ्यांच्या काठाने, गावांलगत. सौराष्ट्राला याचा अभिमान आहे आणि तो रास्तच आहे. पण मध्य प्रदेशातल्या कुनोत सिंहांचं दुसरं घर करा असं सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये सांगितलं, आणि 2022 मध्ये तिथे आले ते चित्ते. सिंह अजून सौराष्ट्रातच आहेत. गाईडने पोरबंदरजवळच्या बरडा अभयारण्याचं नाव घेतलं, तिथे 2025 च्या गणनेत 17 सिंह भरले. मेहुण्याचं म्हणणं, बरडा चांगलंच आहे, पण गीर ते बरडा सगळी गावं, गुरं आणि कुत्री. रोग तिथवर चालत जाईल. यावर गाईडचं उत्तर तयार होतं, सिंह आमचे आहेत. रात्री जेवताना दोघांचा वाद पुन्हा पेटला आणि मी दुसऱ्यांदा कढी वाढून घेतली.