स्कूप अडला तेव्हा

त्या दिवशीच्या शस्त्रक्रियांच्या यादीत पापणीच्या गाठीचे काम सर्वांत शेवटी लिहिलेले होते. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया आटोपल्या की उरलेल्या वेळात जी किरकोळ कामे उरकायची असतात, त्यांत कॅलेझियनचा नंबर नेहमी तळाला लागतो, आणि इतक्या वर्षांच्या सरावानंतर मीही त्याच्याकडे दहा-पंधरा मिनिटांचे काम म्हणूनच पाहत होतो. रुग्ण ओळखीची होती. उजवी वरची पापणी तीच, जागाही तीच. चार महिन्यांपूर्वी ही गाठ मीच काढली होती.

पापणीवर आलेल्या कोणत्याही फुगवट्याला बोलण्यात सरसकट रांजणवाडी म्हटले जाते, पण रांजणवाडी आणि कॅलेझियन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रांजणवाडी हा जंतुसंसर्ग असतो. ती लाल होते, ठणकते, पू धरते आणि बहुधा आठवडाभरात फुटून किंवा जिरून जाते. कॅलेझियन सहसा दुखत नाही. पापणीच्या आत एक टणक पट्टी असते आणि त्या पट्टीत तेल तयार करणाऱ्या मायबोमियन ग्रंथी उभ्या रांगेने बसलेल्या असतात: वरच्या पापणीत साधारण 25 ते 40, खालच्या पापणीत त्याहून थोड्या कमी. 1666 मध्ये हाइनरिख मायबोम या जर्मन वैद्याने त्यांचे वर्णन केले म्हणून त्यांना हे नाव मिळाले. त्यांचे तेल अश्रूंच्या थरावर पसरते आणि डोळा कोरडा पडू देत नाही. एखाद्या ग्रंथीचे तोंड बुजले की तेल आतच साचते, आजूबाजूच्या पेशीजालात झिरपते, आणि शरीर त्याला परके समजून त्याच्याभोवती दाह निर्माण करते. त्या दाहाची गाठ म्हणजे कॅलेझियन. ग्रीक भाषेत या शब्दाचा अर्थ पावसात पडते तशी लहानशी गार असा होतो, आणि बोटाखाली ती लागतेही तशीच.

बाई 63 वर्षांच्या होत्या. पहिल्यांदा आल्या तेव्हा मी त्यांना गरम पाण्याच्या घडीने दिवसातून चार वेळा, प्रत्येक वेळी दहा मिनिटे शेक घ्यायला आणि नंतर पापणीच्या कडेच्या दिशेने हलके चोळायला सांगितले. बहुतेक रुग्ण दोन मिनिटांत शेक थांबवतात, कारण घडी तेवढ्यात गार होते, आणि गार घडीने घट्ट झालेले तेल वितळत नाही. या बाईंनी मात्र घडी पुन्हा पुन्हा गरम पाण्यात बुडवून सहा आठवडे नेमाने शेक घेतला होता. गाठ तसूभरही कमी झाली नाही. हीच पहिली खूण होती, असे आता म्हणता येते. तेव्हा मी एवढेच ठरवले की आता ती कापून काढावी.

ही शस्त्रक्रिया दिसायला साधी असते. डोळ्यात बधिर करणारे थेंब टाकायचे, पापणीत लिग्नोकेन आणि ॲड्रिनलिनचे इंजेक्शन द्यायचे (रुग्णाला खरे दुखते ते एवढेच), मग गाठ मध्ये येईल असा क्लॅम्प बसवायचा. क्लॅम्पला एका बाजूला सपाट पट्टी आणि दुसऱ्या बाजूला कडे असते. पट्टी त्वचेकडे, कडे आतल्या बाजूला, आणि स्क्रू आवळून पापणी उलटवली की कड्यात गाठ वर उचलून येते. काप पापणीच्या आतून आणि उभा घ्यायचा, कारण ग्रंथी उभ्या असतात आणि आडवा काप शेजारच्या चार निरोगी ग्रंथी तोडून जातो. पापणीच्या कडेपासून दोन-तीन मिलिमीटर अलीकडेच थांबायचे, नाहीतर कडेला कायमची खाच पडते. काप दिल्याबरोबर राखाडी-पिवळसर, जेलीसारखा गर बाहेर येतो. उरलेला स्कूपने, म्हणजे बारीक चमच्यासारख्या हत्याराने, खरवडून काढायचा आणि गाठीची भिंतही घासून घ्यायची. क्लॅम्पमुळे रक्त थोपलेले असते, त्यामुळे तो सोडला की रक्त येते. काही मिनिटे दाबून धरायचे, मलम लावायचे, पट्टी बांधायची.

त्या पहिल्या वेळी गर कमी निघाला होता. हे मला पक्के आठवते, आणि स्वतःला दिलेले स्पष्टीकरणही आठवते: गाठ जुनी आहे, आतले द्रव्य आळले असेल. जे काही निघाले ते कापसाच्या बोळ्यांबरोबर पिवळ्या पिशवीत गेले. मी कागदावर नेहमीचे वाक्य लिहिले आणि पुढच्या रुग्णाकडे वळलो.

चार महिन्यांनी त्या परत आल्या तेव्हा ओपीडीत त्यांना माझ्या कनिष्ठ सहकाऱ्याने तपासले होते. कॅलेझियन पुन्हा उद्भवते, हे काही नवल नाही. भिंतीचा भाग मागे राहिला किंवा शेजारची ग्रंथी बुजली की तसे होते. त्याने तसे लिहिले, मी सही केली. टेबलावर सूक्ष्मदर्शकाखाली पापणी आली तेव्हा मात्र माझा हात थांबला. गाठीच्या बरोबर समोर पापणीचे केस नव्हते. तीन-चार मिलिमीटरचा तो पट्टा गुळगुळीत होता, आणि कडेवर टाचणीच्या टोकांनी टोचल्यासारखी दिसणारी ग्रंथींची तोंडे तेवढ्या जागेत पुसली गेली होती. साधे कॅलेझियन केस गाळत नाही.

क्लॅम्प बसलेला होता. मी काप दिला, पण काहीच बाहेर आले नाही. स्कूप आत घातला तर तो जेलीत बुडावा तसा बुडला नाही, ओल्या खडूवर टेकावा तसा अडला. किंचित जोर दिल्यावर पिवळसर, भुसभुशीत कणी सुटून आली. मी स्कूप बाजूला ठेवला आणि म्हणालो, "सिस्टर, फॉर्मॅलिनची बाटली द्या."

"सर, कॅलेझियनच आहे ना?" सिस्टरने विचारले. त्यांची चूक नव्हती. या कामाला त्या ट्रेवर अशी बाटली कधी लागत नसे.

शस्त्रक्रिया स्थानिक भूल देऊन चाललेली होती, हे त्या क्षणी आम्ही दोघेही विसरलो होतो. हिरव्या कापडाखालून बाईंचा आवाज आला, "डॉक्टर, फॉर्मॅलिन म्हणजे काय?"

"काकू, गाठीचा एक तुकडा तपासायला पाठवतोय. तो टिकावा म्हणून त्यात ठेवतात."

थोडा वेळ शांततेत गेला. मग त्यांनी विचारले, "मागच्या वेळी पाठवला होता का?"

"नाही," मी म्हणालो. दुसरे उत्तर नव्हते.

पुढे खरवडणे धोक्याचे होते. गाठ वेगळ्या जातीची असेल तर खरवडून ती मोडते, तिच्या कडा कळेनाशा होतात आणि तुकडेही नीट वाचता येत नाहीत. म्हणून क्लॅम्प काढला, पापणीच्या पूर्ण जाडीची एक अरुंद पाचर कापून घेतली, टाके घातले आणि पाचर 10 टक्के फॉर्मॅलिनमध्ये टाकली. बाटलीबरोबरच्या कागदावर केवळ "कॅलेझियन" असे लिहिणे म्हणजे पॅथॉलॉजिस्टच्या डोळ्यांवर पट्टी बांधण्यासारखे होते. त्यावर मी वय, पुन्हा येण्याचा काळ, गळलेले केस आणि मनातली शंका असे सर्व लिहिले, आणि फोन करूनही सांगितले.

पाचव्या दिवशी अहवाल आला: सिबेशियस कार्सिनोमा. तेल बनवणाऱ्या त्याच ग्रंथींमध्ये उद्भवणारा हा कर्करोग कॅलेझियनचे सोंग घेण्यासाठीच ओळखला जातो. वरच्या पापणीत तो अधिक आढळतो, कारण तिथे ग्रंथीच अधिक असतात. कधी तो गाठीच्या रूपात येतो, तर कधी एकाच डोळ्याची महिनोन्‌महिने न हटणारी लाली म्हणून. लहान मुलाच्या डोळ्यातून निघालेला नेहमीसारखा जेलीचा गर प्रत्येक वेळी प्रयोगशाळेत पाठवावा, असे मी आजही म्हणणार नाही. पण वय पन्नाशीपुढचे, गाठ त्याच जागी परतलेली, केस गळलेले किंवा आतला पदार्थ ओळखीचा नसलेला, यांपैकी एक गोष्ट जरी असली तरी तुकडा गेलाच पाहिजे. पहिल्याच वेळी यांतल्या एकाहून अधिक गोष्टी माझ्यासमोर होत्या.

बाई आणि त्यांची मुलगी समोर बसल्या तेव्हा मी अहवाल समजावून सांगितला आणि चार महिन्यांबद्दलही सांगितले. मुलगी रागावली, आणि तो तिचा हक्क होता. बाईंनी मात्र माझे बोलणे तोडून विचारले, "डोळा राहील का?" राहण्याची चांगली शक्यता होती. कानासमोरच्या आणि जबड्याखालच्या लसिकाग्रंथी हाताला लागत नव्हत्या, स्कॅनमध्येही काही दिसले नाही. हा रोग पापणीच्या आतल्या पातळ आवरणात तुटक तुटक पसरू शकतो, म्हणून ठिकठिकाणचे लहान तुकडे घेऊन तपासले. ते सर्व स्वच्छ निघाले.

मोठी शस्त्रक्रिया पापण्यांच्या शस्त्रक्रियांत तज्ज्ञ असलेल्या माझ्या सहकाऱ्याने केली आणि मी मदतीला उभा राहिलो. पापणीची आडवी लांबी जेमतेम 30 मिलिमीटर असते. गाठीच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच मिलिमीटर निरोगी भाग घेतल्यावर निम्म्याहून अधिक वरची पापणी गेली. काढलेल्या भागाच्या कडा रोगमुक्त असल्याचा प्रयोगशाळेचा निरोप आल्यावर खालच्या पापणीचा, तिची कड शाबूत ठेवून, एक पूर्ण जाडीचा पट्टा त्या कडेखालून वर ओढून घेतला आणि रिकाम्या जागी शिवला. या पद्धतीला कटलर-बिअर्ड म्हणतात. तो पट्टा वर रुजेपर्यंत डोळा मिटलेलाच ठेवावा लागतो. बाई सात आठवडे एकाच डोळ्याने वावरल्या.

पट्टा सोडवला त्या दिवशी त्यांनी आरसा मागितला. नव्या पापणीला केस नव्हते, आणि मधला भाग थोडा जाड दिसत होता. त्यांनी डोळा दोन-तीनदा उघडझाप करून पाहिला आणि म्हणाल्या, "खालचीच उसनी आणून वर लावलीत म्हणा की."

आता त्या ठरल्याप्रमाणे दर तीन महिन्यांनी येतात. मी कानासमोर आणि जबड्याखाली बोटे फिरवतो, नव्या पापणीची कड दिव्याखाली टोकापासून टोकापर्यंत पाहतो, जुने फोटो शेजारी ठेवून ताडून बघतो. सिस्टर कॅलेझियनच्या ट्रेवर फॉर्मॅलिनची बाटली आता न मागता ठेवतात. बहुतेक वेळा ती तशीच परत जाते. बाईंना हे ठाऊक आहे. तपासणीच्या खुर्चीत हनुवटी टेकवण्याआधी त्या दर वेळी विचारतात, "बाटली आहे ना जवळ?"