अझरबैजानच्या भाषांची वही: आठवा महिना

या महिन्यात वहीची बावीस पानं भरली. त्यातली नऊ एकाच क्रियापदावर खर्ची पडली. ते क्रियापद उदी भाषेतलं आहे, त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलंय. आधी मुख्य भाषेची, म्हणजे अझरबैजानीची, प्रगती.

नव्याने या नादाला लागलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. मी या देशाकडे वळले ते एका शिलालेखाच्या फोटोमुळे. बाकूजवळ सुराखानी इथे आतेशगाह नावाचं अग्निमंदिर आहे. जमिनीतून आपोआप येणाऱ्या वायूवर तिथली ज्योत पेटत असे. मुलतान-सिंधकडचे व्यापारी आणि साधू तिथे उतरायचे, म्हणून भिंतींवर देवनागरी आणि गुरुमुखीतले लेख आहेत. एका लेखाची सुरुवात ‘श्री गणेशाय नमः’ अशी आहे आणि त्यावर विक्रम संवत १८०२ कोरलंय, म्हणजे इसवी सन १७४५-४६. कास्पियन समुद्राकाठी ही अक्षरं कुणी कोरली असतील, या विचाराने मी त्या रात्री झोपले नव्हते. (मूळ ज्योत १९६९ मध्ये विझली. आजूबाजूचा वायू उपसून संपला होता. आता नळातून आणलेल्या वायूवर ती पेटवतात.) तिथून देशाची भाषा, आणि मग देशाच्या भाषा, असा प्रवास झाला.

अझरबैजानी ही तुर्की कुळातली, तुर्कस्तानच्या तुर्कीची सख्खी बहीण. मराठी माणसाला तिची वाक्यरचना घरची वाटते. क्रियापद शेवटी, शब्दाला मागून प्रत्यय, आणि ‘असणं’ हे आपल्यासारखंच ‘वार’ आणि ‘योख’ म्हणजे ‘आहे’ आणि ‘नाही’ यांवर चालतं. पण या महिन्यात जे सापडलं त्याने मला खुर्चीतून उठवलं. वाक्य असं आहे: ‘गॅलॅजॅयॅम देयॅ सोझ वेर्दी.’ गॅलॅजॅयॅम म्हणजे ‘येईन’. देयॅ हे ‘देमॅक’ म्हणजे ‘म्हणणे’ या धातूपासून झालेलं, म्हणजे आपलं ‘म्हणून’. सोझ म्हणजे ‘शब्द’, वेर्दी म्हणजे ‘दिला’. येईन म्हणून शब्द दिला! एकही शब्द जागचा हलवावा लागत नाही. दोन भाषांचं कूळ वेगळं, मधे हजारो मैल, आणि ‘म्हणणे’ या धातूचा जोडकामासाठी वापर मात्र तोच. असंच ‘इमिश’चं. ‘ओ हॅकिम इमिश’ म्हणजे ‘तो डॉक्टर आहे म्हणे’. ऐकीव माहितीसाठीचं आपलं ‘म्हणे’ इतक्या नेमकेपणाने मला आजवर शिकलेल्या दुसऱ्या कुठल्या भाषेत सापडलं नव्हतं. आणि पाहुण्याला ‘चाय-माय’ विचारतात, जसं आपण चहा-बिहा विचारतो.

शब्दांच्या यादीत दोन नव्या नोंदी आहेत. ‘तामाशा’ म्हणजे नाट्यप्रयोग, आणि ‘तामाशा एत्मॅक’ म्हणजे पाहणे. मूळ अरबी शब्द फारसीतून दोन्हीकडे गेला. तिकडे तो नाट्यगृहात गेला, आपल्याकडे ढोलकीच्या फडावर आला. दुसरी नोंद प्रत्ययाची. बालिक म्हणजे मासा, बालिकची म्हणजे कोळी. चोरॅक म्हणजे पाव, चोरॅकची म्हणजे पाव करणारा. हाच तुर्की ‘ची’ आपल्या तबलची, मशालची, तोफची यांच्या शेपटाला बसलाय. रोज वापरत आलेल्या शब्दाच्या आत परका प्रत्यय इतकी वर्षं गुपचूप बसलेला होता.

उच्चारात अजून अडतंय ते स्वरसंवादात. ‘किताब’चं अनेकवचन किताब्लार, पण ‘एव’ म्हणजे घर, त्याचं एव्लॅर. शब्दातला स्वर जिभेच्या मागच्या बाजूचा की पुढच्या, त्यावर प्रत्ययाचा स्वर ठरतो. हळू बोलताना बरोबर येतं, बोलायचा वेग वाढला की चुकतं. त्यातल्या त्यात बरं हे की आपल्याकडे ॲ आहे. त्यांच्या लिपीत त्यासाठी उलटं केलेलं इंग्रजी ‘e’ अक्षर आहे आणि ते पानोपानी दिसतं.

लिपीवरून आठवलं. मागच्या महिन्यात एका ऑनलाइन दुकानातून मागवलेलं वाचनपुस्तक आलं ते सिरिलिक, म्हणजे रशियन भाषेच्या, लिपीत निघालं, वर्णनात त्याचा उल्लेखच नव्हता. परत पाठवणार होते. मग माझ्या सरावाच्या मैत्रिणीला दाखवलं. ती बाकूची, माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, मला ‘बाजी’ म्हणते, म्हणजे ताई. ती म्हणाली, ठेव, माझी आई यातच शिकली. आणि मग तिने तिच्या घरातलं सांगितलं. पणजोबांची वही अरबी लिपीत. आजोबा शाळेत गेले तेव्हा लॅटिन. त्यांचं शिक्षण पुरं व्हायच्या आत सिरिलिक. तिच्या वेळी पुन्हा लॅटिन. १९२६ मध्ये बाकूत तुर्की भाषांच्या अभ्यासकांची पहिली मोठी परिषद भरली आणि लॅटिनचा पुरस्कार झाला, १९२९ पासून अरबी लिपी बंद, दहा-अकरा वर्षांत मॉस्कोच्या धोरणाने सिरिलिक, आणि स्वातंत्र्य मिळताच १९९१ च्या डिसेंबरात आजची लॅटिन. एका शतकात तीन उलथापालथी. माझ्या पणजोबांचे जमिनीचे कागद मोडीत आहेत आणि घरात कुणालाच वाचता येत नाहीत, त्यामुळे तिच्या बोलण्यातलं दुःख मला समजावून घ्यावं लागलं नाही. पुस्तक ठेवलंय. रोज एक पान सिरिलिकमधून लॅटिनमध्ये उतरवते.

आता वहीच्या दुसऱ्या बाजूकडे येते. तिच्यासाठी मी खरं तर ही नोंद लिहितेय.

बहुतेक नकाशे या देशाला एका रंगात रंगवून मोकळे होतात. २००९ च्या जनगणनेत ८९ लाखांपैकी ९१.६ टक्के अझरबैजानी होते, तेव्हा रंग चुकीचा आहे असं नाही. पण उरलेल्यांत काय काय आहे! उत्तरेला समूर नदीकाठी कुसारमध्ये लेझगी, १,८०,३०० माणसं. दक्षिणेला लेंकेरान, आस्तारा, लेरिककडे तालिश, १,१२,०००. ती इराणी शाखेची, म्हणजे कुळाने आपली दूरची नातलग. तात हीसुद्धा इराणी. लाहिज गावचे तांबट तिची एक बोली बोलतात. त्यांच्या तांब्याच्या कामाला २०१५ मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत जागा मिळाली. कुबा शहरासमोर नदीपलीकडे किर्मिझी कॅसॅबॅ आहे, तिथले डोंगरी यहुदी जुहुरी बोलतात, जी तातसारखीच आहे पण हिब्रू शब्द पोटात घेऊन. जॉर्जियाच्या सीमेकडे अवार, साखुर, आणि काखमध्ये जॉर्जियन बोलणारे इंगिलोय. आणि दोन हजार मीटरच्या वर खिनालिग हे एकच गाव. त्याची भाषा ईशान्य कॉकेशियन कुळात एकटीच वेगळ्या फांदीवर बसते. गावकरी हिवाळ्यात मेंढरं घेऊन सपाटीला उतरतात आणि उन्हाळ्यात परत चढतात. ती वाट आणि ते गाव मिळून २०२३ मध्ये जागतिक वारसा झाले.

वहीत एक पान असंही आहे जे लिहिताना हात थांबला. त्याच जनगणनेत आर्मेनियन १,२०,३०० दाखवले होते, जवळपास सगळे कराबाख या आर्मेनियाशी वादात सापडलेल्या प्रदेशातले. बाकूतले आर्मेनियन १९८८ ते १९९० मध्येच गेले होते, आणि त्याच काळात आर्मेनियातल्या अझरबैजानी लोकांनाही घरं सोडावी लागली. सप्टेंबर २०२३ मध्ये एक लाखाहून अधिक माणसं काही दिवसांत कराबाखमधून निघून गेली. ‘कारा’ म्हणजे काळा आणि ‘बाग’ म्हणजे बाग, हे नाव मला पहिल्याच आठवड्यात कळलं तेव्हा फार गोड वाटलं होतं. आता ते पान उघडताना तसं वाटत नाही.

उदीकडे येते. गॅबॅला जिल्ह्यातलं निज हे गाव आजही तिचा मुख्य आधार आहे, बोलणारे काही हजार. ते ख्रिस्ती आहेत, आणि ज्याला कॉकेशियन अल्बानिया म्हणत (बाल्कनमधल्या अल्बानियाशी संबंध नाही) त्या जुन्या राज्याच्या भाषेशी उदीचं थेट नातं आहे. त्या भाषेची बावन्न अक्षरांची लिपी होती. १९३७ मध्ये एका आर्मेनियन हस्तलिखितात अक्षरांची यादी सापडली, पण वाचायला सलग मजकूर नव्हता. मग सिनाई पर्वताच्या सेंट कॅथरिन मठात, पुसून वर जॉर्जियन लिहिलेल्या चर्मपत्रांच्या खाली, १९९६ मध्ये ती अक्षरं दिसली. योहानाच्या शुभवर्तमानाचे भाग त्यातून वाचता आले, आणि ते वाचण्यात आजच्या उदीने मदत केली. निजमधल्या म्हाताऱ्यांच्या तोंडच्या शब्दांनी दीड हजार वर्षांपूर्वीचं पान उलगडलं, यापेक्षा मोठं कारण छोटी भाषा जपायला मला माहीत नाही.

आणि ते क्रियापद. चोरण्याचा धातू मी देवनागरीत ‘बाश्क’ असा लिहिते. ‘त्यांनी चोरलं’ म्हणायचं तर कर्ता दाखवणारा ‘कुन’ धातूच्या मागे लागत नाही, पुढे लागत नाही, धातू फोडून आत शिरतो: बाश्-कुन्-के. मराठीत करून पाहिलं तर ‘चो-त्यांनी-रलं’ असं होईल. ‘बाश्’ला एकट्याला अर्थ नाही आणि उरलेल्या ‘क’लाही नाही, तरी बोलणारा सहज त्यांच्यामध्ये पाचर मारतो. शब्दाचा गाभा असा फुटत नाही, असं व्याकरणाचे अभ्यासक मानत आले होते, म्हणून या छोट्या गावाच्या भाषेने त्यांना मोठा धक्का दिला. नऊ पानं मी केवळ हे सगळ्या पुरुषांत आणि काळांत मांडण्यात घालवली. आता निदान वाचताना ‘आतला’ माणूस कोण ते ओळखता येतं. बोलता येत नाही.

लेझगीत मात्र तोंडाने थोडं पुढे गेलेय. तिच्यात अठरा विभक्ती सांगतात आणि त्यातल्या चौदा जागेच्या. ऐकून दडपण येतं, पण मराठी माणसाने घाबरू नये. जवळ, मागे, खाली, वर, आत अशा पाच जागा, आणि प्रत्येकीला ‘तिथे’, ‘तिथून’, ‘तिकडे’. पंधरा व्हायला हव्यात, एक खोली रिकामी आहे. आपल्या वर-वरून, खाली-खालून, आत-आतून याच चौकटीत मी त्या बसवल्या आणि दोन दिवसांत कोष्टक पाठ झालं.

अडचण ध्वनींची. क आणि ख आपल्याला येतात. लेझगीत तिसरा एक आहे, घसा बंद करून, श्वास न सोडता, तोंडातली हवा टच्कन फोडायची. लिहिताना असल्या काही अक्षरांपुढे उभी काठी घालतात, हुबेहूब आपला दंड. मैत्रिणीची आजी कुसारची. आजी लेझगीत बोलतात, नात सगळं समजून घेते आणि उत्तर अझरबैजानीत देते. हे पहिल्यांदा व्हिडिओ कॉलवर पाहिलं तेव्हा माझ्या घशात काहीतरी अडकलं. आमच्याकडेही आजी अहिराणीत विचारायची आणि आम्ही पुस्तकी मराठीत उत्तर द्यायचो, आणि त्यात काही जातंय हे आम्हाला तेव्हा कळलं नाही.

या रविवारी आजींनीच मला आकडे म्हणायला लावले. सा, क्वेद, पुद, कुद, वाद. पाणी म्हणजे याद, तेही विचारून घेतलं (तालिशमध्ये ओव, उदीत खे, अझरबैजानीत सू, वहीचं हे पान मला सगळ्यात आवडतं). दोन आणि चार या दोन्हींच्या सुरुवातीला तो घशातला क आहे, तोही जिभेच्या अगदी मुळाशी. चारवर त्यांनी मला सहा वेळा थांबवलं. सातव्यांदा नात मध्ये बोलायला गेली तर तिला हाताने गप्प केलं आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. मी श्वास रोखला आणि म्हटलं. त्यांनी मान हलवली. मी ‘चुखसागुल’ म्हणून आभार मानले. त्या पाचाशी थांबल्या नाहीत. बोट वर करून म्हणाल्या, ‘रुगुद.’ सहा.