भाता सरांच्या हाती

अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत पाठवावे, असे शाळेचे पत्र आले आणि सर्वांत आधी आठवली ती संगीताच्या वर्गातली साडेतीन सप्तकांची पेटी. आज मी जॅझ पियानो वाजवतो, तो मुलांना शिकवतो आणि त्यावरच माझा चरितार्थ चालतो. परंतु माझे दोन्ही हात एकाच वेळी पट्ट्यांवर पहिल्यांदा पडले ते त्या पेटीवर, आणि तेही केवळ आमच्या संगीताच्या सरांमुळे.

मी तेव्हा नववीत होतो. स्नेहसंमेलनाच्या तालमी सुरू होत्या आणि मधल्या सुट्टीत मी एकटाच प्रार्थनेची चाल वाजवत, तिच्यात मनाचे काही स्वर मिसळत बसलो होतो. सर दारात केव्हा येऊन उभे राहिले ते कळलेच नाही. प्रार्थनेशी असा खेळ केल्याबद्दल शिक्षा होणार, या भीतीने मी हात काढून घेतला. सर मात्र "पुन्हा वाजव" एवढेच म्हणाले, आणि ऐकून झाल्यावर पेटीच्या पलीकडे माझ्यासमोर मांडी घालून बसले. त्यांनी भाता स्वतःच्या हाती घेतला. "आता तुझा डावा हात मोकळा झाला. त्याला काहीतरी काम दे." पेटी वाजवणाऱ्याचा डावा हात जन्मभर भात्याला बांधलेला असतो, माझा तो हात त्या दिवशी गोंधळून नुसता षड्ज-पंचम धरून बसला. घंटा होईपर्यंत सर भाता मारत राहिले. पुढे दहावीची परीक्षा जवळ येईपर्यंत दर शनिवारी शाळा सुटल्यावर ते असेच समोर बसत.

त्यांचे एक नातेवाईक जहाजावर नोकरीला होते. त्यांनी आणलेली, अमेरिकन जॅझ पियानोवादक एलिस मार्सालिस यांच्या तीन वादकांच्या संचाची कॅसेट सरांनी मला दिली आणि सांगितले, "उजवा हात कोणीही ऐकेल. तू डावा ऐक, तो किती थोडे वाजवतो ते ऐक." खर्जाचा भार बासवादकावर सोपवून मार्सालिस डाव्या हाताने मोजकेच कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वरसमूह, तेही नेमक्या जागी ठेवत. ती कॅसेट घासून घासून निकामी झाली, पण त्या जागा अजून माझ्या हातात आहेत.

मार्सालिस यांचा जन्म 1934 मध्ये न्यू ऑर्लिन्सचा. त्या शहरात येणाऱ्या पाहुण्यांना जुन्या धाटणीचे जॅझ हवे असे आणि हे तर बीबॉप, म्हणजे नव्या धाटणीचे गुंतागुंतीचे जॅझ, वाजवणारे. त्यात सहा मुलांचा संसार. 1974 मध्ये ते तिथल्या कलाशाळेत शिकवू लागले. अर्धा दिवस आपापल्या शाळेत काढून मुले उरलेला अर्धा दिवस तिथे येत, ध्वनिमुद्रिका ऐकून त्यांतले एकल वादन कानाने उतरवून घेत. विंटन आणि ब्रॅनफर्ड हे त्यांचे पुत्र, टेरेन्स ब्लँचर्ड, हॅरी कॉनिक ज्युनियर, डोनाल्ड हॅरिसन, हे सारे कलावंत याच वर्गातले. 1989 पासून 2001 पर्यंत त्यांनी न्यू ऑर्लिन्स विद्यापीठातील जॅझचा अभ्यासक्रम सांभाळला. मोठ्या कंपन्या त्यांच्या स्वतःच्या ध्वनिमुद्रिका नियमितपणे काढू लागल्या, त्या मात्र मुलांचा आणि शिष्यांचा जगभर बोलबाला झाल्यानंतर. हा क्रम मला नेहमीच चटका लावतो, कारण आमच्या सरांची तर एकही ध्वनिमुद्रिका कधी निघाली नाही.

2012 मध्ये मी पदरमोड करून न्यू ऑर्लिन्सला गेलो. फ्रेंचमेन रस्त्यावरील स्नग हार्बर या जॅझ क्लबमध्ये मार्सालिस दर शुक्रवारी वाजवत. सत्तरी केव्हाच उलटली होती, पण डावा हात तोच, तितकाच थोडा. त्या शहरावर 2005 मध्ये आलेल्या कत्रिना वादळानंतर ब्रॅनफर्ड आणि कॉनिक यांच्या पुढाकाराने वादकांसाठी वसाहत उभी राहिली आणि तिथल्या संगीतकेंद्राला 2011 मध्ये मार्सालिस यांचे नाव दिले गेले. पुत्राने आणि शिष्याने मिळून गुरूच्या नावाचे केंद्र उभारावे, हे तिथे उभा राहून पाहताना मला तिसऱ्या मजल्यावरचा आपला संगीताचा वर्ग आठवला.

1 एप्रिल 2020 रोजी करोनाने मार्सालिस गेले. सर त्याआधीच गेले होते. त्या रात्री दोघांचा शोक मी एकदमच केला.

माझ्याकडे आज अकरा मुले शिकतात. त्यांतल्या दोघांच्या घरी फक्त पेटी आहे, आणि त्यांच्यासमोर बसून भाता मी मारतो. गेल्या वर्षी शाळेत आलो तेव्हा संगीताच्या वर्गात संगणक मांडलेले दिसले आणि पेटी जिन्याखालच्या कपाटात होती. तिचे तीन सूर बोलत नाहीत आणि भात्याचे कापड फाटले आहे. तिची दुरुस्ती माझ्याकडून व्हावी, अशी मुख्याध्यापकांना या लेखातूनच विनंती करतो. कारागीर मी घेऊन येईन. पेटी बोलू लागली की आठवड्यातून एकदा, शनिवारी शाळा सुटल्यावर, तो वर्ग मला तासभर मिळावा.