तिथं विमान उतरवायचंच कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. मी काही वर्षं पापुआ न्यू गिनीत लहान विमानं चालवत होतो हे कळलं की दोन प्रश्न ठरलेले असतात. "असल्या गवताच्या पट्टीवर विमान उतरवायचंच कशाला?" आणि लगेच दुसरा, "उतरताना आपटलं, तर चूक वैमानिकाचीच ना?"

पहिल्याचं उत्तर नकाशात आहे. पोर्ट मोर्सबी ही देशाची राजधानी, पण तिथून 'ले' या बंदराच्या शहराला किंवा मधल्या डोंगराळ मुलखात जाणारा रस्ताच नाही. या देशाच्या आतल्या भागात रस्त्याआधी विमान पोचलं. १९२७ साली सोन्याच्या पायी वाऊच्या चढणीवर पहिलं विमान उतरलं. पुढच्या काही वर्षांत बुलोलोच्या सोन्याच्या खाणीसाठी लागणारे अजस्र ड्रेजर, म्हणजे गाळ उपसायची यंत्रं, सुटे करून जर्मन बनावटीच्या युंकर्स विमानांनी 'ले'हून डोंगरापलीकडे नेले. आजही कित्येक गावांत शिक्षक, लशी, मीठ, घरावरचे पत्रे विमानानंच येतात आणि कॉफीची पोती विमानानंच बाहेर जातात. बाळंतीण अडली तरी विमानच. त्यामुळे 'कशाला' हा प्रश्न तिथं कोणी विचारत नाही.

दुसऱ्या प्रश्नाला मात्र वेळ द्यायला हवा.

तिथली नेहमीची पट्टी डोळ्यांपुढे आणा. लांबी जेमतेम ४५०-५०० मीटर. एका टोकाला दरी, दुसऱ्या टोकाला डोंगर. वारा कुठूनही असो, उतरायचं ते चढाच्या दिशेनं आणि उडायचं ते उताराच्या. उतरताना एका ठरावीक जागेपुढे गेलात की परत वर उठायचा पर्याय संपतो, कारण समोर डोंगर असतो. त्यात हवा विरळ. सहा हजार फुटांवर, उबदार दिवशी, वेगाच्या काट्यावर ७० नॉट (विमानाचा वेग मोजायचं एकक) दिसत असतात तेव्हा विमान प्रत्यक्षात ७९ च्या आसपास धावत असतं, म्हणजे थांबवायची ऊर्जा जवळपास सव्वापट. शिवाय चढाची पट्टी डोळ्यांना फसवते. आपण फार उंचावर आहोत असं वाटतं, वैमानिक नकळत खाली येतो आणि पट्टीच्या अलीकडेच टेकण्याचा धोका तयार होतो.

पण हे सगळं शिकवता येतं, आणि शिकवतातही. जुना वैमानिक नव्याच्या शेजारी बसून एकेक पट्टी त्याच्याकडून घोटून घेतो. एका पट्टीवर पास झालात म्हणून शेजारच्या खोऱ्यातली चालत नाही. लोक चढाला घाबरतात. मला चढ आवडायचा. ब्रेकपेक्षा तोच विमान थांबवतो.

शिकवता येत नाही ते एकच: पट्टी आज सकाळी कशी आहे. गवत गुडघ्याला आलं की चाकं ओढली जातात, उडताना वेग धरत नाही, आणि खालचा खड्डा दिसत नाही. ओल्या गवतावर ब्रेक जवळजवळ निकामी. डुकरांनी रात्रीत जमीन उकरलेली असू शकते. उतरण्याआधी हे कळायचा मार्ग म्हणजे रेडिओवरचा गावातला माणूस. तो सांगतो, "पट्टी ठीक आहे." बरेचदा ती असतेही. पण त्याच्या घरात आजारी माणूस असेल, नाहीतर तीन आठवडे पोती पडून असतील, तर तो दुसरं काय सांगणार? त्याला मी कधीच खोटारडा म्हणणार नाही. आपल्या भागातला कोणीही तेच बोलला असता.

एक अपघात मी वरच्या टोकाला उभा राहून पाहिला. रात्रभर पाऊस झालेला, सकाळी लख्ख ऊन. सेसना २०६ हे एका इंजिनाचं छोटं विमान आलं, अगदी योग्य जागी टेकलं, वेगही बरोबर. मी मनात म्हटलं, छान. निम्मी पट्टी पार करून पुढचं चाक जमिनीत गेलं, चाकाचा दांडा मोडला आणि विमान नाकावर घसरत आडवं झालं. प्रॉपेलरची पाती केळीच्या फाटक्या पानासारखी मागे वळलेली. आतून एक बाई पोराला छातीशी घट्ट धरून उतरली, ती सरळ गवतात बसली. कोणालाही इजा झाली नाही. कागदावर पहिली नोंद झाली ती अशी: उतरताना वैमानिकाचा ताबा सुटला.

आम्ही चालत खाली गेलो. वरून सगळी पट्टी एकसारखी हिरवी दिसत होती, पण त्या जागी टाच दाबली की बूट घोट्यापर्यंत आत. डोंगराच्या बाजूनं पाणी अडवायला खणलेला चर मातीनं भरला होता आणि त्यात कमरेएवढं नेचं वाढलं होतं. कमरेएवढं नेचं एका पावसात वाढत नाही. डोंगराचं पाणी किती दिवस पट्टीखालून मुरत होतं कोण जाणे. त्या चराचा त्या नोंदीत उल्लेख नव्हता, आणि याचा मला आजही राग आहे.

मग दोष गावाचा का? तेही मला पटत नाही. १९७५ साली देश स्वतंत्र झाला, त्याआधी ऑस्ट्रेलियन प्रशासनाचे अधिकारी, तिथल्या भाषेत 'किआप', गावाकडून पट्टी साफ करून घेत. ती व्यवस्था गेली, आणि अनेक गावांत गवत कापणं म्हणजे फुकटचं श्रमदान होऊन बसलं. सारिफ म्हणजे लांब पात्याचा हातकोयता. त्यानं अर्धा किलोमीटर पट्टी कापायची, पंधरवड्यात ती पुन्हा वाढायची. किती वर्षं कोणी करेल?

सगळे अपघात असे नसतात. ११ ऑगस्ट २००९ ला तिथल्याच कोकोडा गावाला निघालेलं ट्विन ऑटर हे छोटं प्रवासी विमान डोंगरावर आदळून १३ जण गेले. ते पट्टीपर्यंत पोचलंच नव्हतं. आपल्या ट्रेकर्सना माहीत असलेलं नेपाळमधलं लुक्ला घ्या: ५२७ मीटर, जवळपास १२ टक्के चढ, पण २००१ पासून पक्की पट्टी. तिथं ऑक्टोबर २००८ मध्ये १८ जण गेले तेव्हा उतरण्याच्या वाटेवर धुकं दाटलं होतं. ढगात शिरण्याचा निर्णय वैमानिकाचा असतो, आणि अशा ठिकाणी त्याला जाब विचारलाच पाहिजे. मी माझ्या व्यवसायाची वकिली करत नाहीये.

"मग अशा पट्ट्या बंदच का करत नाहीत?" असंही काही जण म्हणतात. कित्येक बंद झाल्याही आहेत. बंद पट्टीवर अपघात होत नाही हे खरं. पण अडलेल्या बाळंतिणीला झोळीत घालून दोन दिवस डोंगर उतरवताना ती वाटेत गेली, तर तो मृत्यू विमान अपघातांच्या कुठल्याच यादीत येत नाही.

तिथं 'रूरल एअरस्ट्रिप एजन्सी' नावाची संस्था आहे. ती अशा पट्ट्यांची पाहणी करते, चर मोकळे करते, खुणेचे शंकू आणि वाऱ्याची पिशवी लावते, आणि गावातल्याच माणसांना गवत कापायचं काम पैसे देऊन देते. मला यातली शेवटची गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते. ज्याला मजुरी मिळते तो दर पंधरवड्याला पट्टी पायांखालून घालतो, आणि मऊ जागा कुठं आहे ते रेडिओवर सांगतो.