उरलेल्या दिवसांचा हिशेब

अमेरिकेत वीस-पंचवीस वर्षे काढलेल्या मराठी घरात एक खण असा असतोच, की ज्यात मुदत संपलेले पासपोर्ट, बँकांची बाद झालेली कार्डे, भारतातून आलेल्या लग्नपत्रिका आणि कुठल्यातरी पाकिटात घालून ठेवलेली डिस्नेची अर्धवट वापरलेली तिकिटे गुण्यागोविंदाने नांदत असतात. पासपोर्टांचे आणि कार्डांचे आता काही होणार नाही हे सर्वांना ठाऊक असते. तिकिटांचे मात्र तसे नाही. फ्लॉरिडातल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्ड या मनोरंजन उद्यानांच्या समूहाने २००४ च्या अखेरीपर्यंत विकलेले अनेक दिवसांचे नेहमीचे तिकीट तुमच्यापाशी असेल आणि त्यावर एखादा दिवस शिल्लक असेल, तर तो दिवस अजूनही चालतो. ते तिकीट घेतले त्या वर्षी जन्मलेली मुले आज मतदान करतात, तरी त्या दिवसाची मुदत काही संपलेली नाही. जिथे दह्याच्या डब्यापासून औषधाच्या बाटलीपर्यंत प्रत्येक वस्तूवर अंतिम तारीख छापलेली असते, त्या देशात ही गोष्ट मला आजही नवलाची वाटते.

आमच्या पाकिटातले तिकीट व्हिजिटिंग कार्डाएवढे आहे. पुढच्या बाजूला मिकी हसतो आहे आणि पाकिटाला पडलेली घडी त्याच्या एका कानावरून पांढरी रेघ होऊन गेली आहे. मागे काळी चुंबकीय पट्टी, तिच्याखाली बारीक अक्षरांतल्या अटी आणि त्या अटींच्या कडेला आमच्या यजमानांनी बॉलपेनने केलेली घाईची सही. त्यावर नेमके किती दिवस उरले आहेत हे नुसते बघून कळत नाही. त्यासाठी उद्यानाच्या दाराशी असलेल्या गेस्ट रिलेशन्सच्या, म्हणजे पाहुण्यांच्या चौकशीच्या, खिडकीवर जावे लागते. तिथली मुलगी लांबलचक क्रमांक यंत्रात टाकते, पडद्याकडे बघते आणि मग आपल्या नशिबात काय आहे ते सांगते. शिल्लक निघाली, की ती चिप असलेल्या नव्या कार्डावर चढवून दिली जाते.

अशा तिकिटातून जास्तीत जास्त पदरात पाडून घ्यायचे, तर ते दिवसांचे आहे की पैशांचे हे सगळ्यात आधी ओळखले पाहिजे. दिसायला दोन्ही सारखीच असली तरी त्यांचा स्वभाव अगदी उलटा आहे. २००५ च्या जानेवारीत डिस्नेने तिकिटांची नवी पद्धत आणली. तिच्यात पहिल्या वापरापासून चौदा दिवसांत बाकीचे दिवस वापरून टाकावे लागत आणि ते तसे संपू नयेत असे वाटत असेल, तर वेगळे पैसे भरून मुदतबंदी काढून घ्यावी लागे. २०१५ साली ही सोयही बंद झाली, आणि २०१८ च्या ऑक्टोबरपासून तारखेनुसार दर बदलू लागले. म्हणून २००४ पर्यंतचे किंवा मुदतबंदी काढून घेतलेले तिकीट हे दिवसांचे तिकीट. त्यातला एक दिवस म्हणजे एक दिवसच, मग बाहेर दर कितीही चढोत. अलीकडचे, ठरलेली तारीख उलटून गेलेले पण एकदाही न वापरलेले तिकीट हे पैशांचे. त्यासाठी भरलेली रक्कम नव्या तिकिटाच्या किमतीतून वळती करून मिळते, त्याहून एक पैसाही जास्त नाही. आणि मुदतबंदीच्या तिकिटाचे दोन दिवस वापरून उरलेले मुदतीत वापरले नसतील, तर ते तिकीट खुशाल मुलांना खेळायला द्यावे.

पैशांचे तिकीट ही बिनव्याजी ठेव आहे. डिस्ने वर्ल्डमधल्या मॅजिक किंग्डम या उद्यानाचे एका दिवसाचे तिकीट २०१३ साली ९५ डॉलरना होते, दोनच वर्षांत ते १०५ झाले, आणि आता गर्दीच्या तारखांना डिस्नेच्याच कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँड या उद्यानाचे तिकीट दोनशे डॉलरच्या पुढे गेले आहे. आपले शंभर डॉलर खणात शंभरच राहतात आणि दार मात्र दर वर्षी महाग होत जाते. तेव्हा असे तिकीट सापडले, की भिजत घोंगडे न ठेवता पहिल्या सहलीतच ते वळते करून टाकावे, हे उत्तम. दिवसांच्या तिकिटाला ही घाई नाही. त्याची किंमत आपण काहीही न करता वाढत असते.

पैशांच्या तिकिटांचे सर्वांत जुने रूप म्हणजे कुपनांची पुस्तके. १९५५ च्या जुलैत डिस्नेलँड उघडले तेव्हा प्रवेशाचे वेगळे आणि प्रत्येक खेळाचे वेगळे पैसे पडत. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ए, बी आणि सी अशा कुपनांचे पुस्तक आले, पुढच्या वर्षी त्यात डी वाढले आणि १९५९ साली मॅटरहॉर्नचा बर्फाळ डोंगर, पाणबुडी आणि मोनोरेल आली तेव्हा सर्वांत वरचे ई आले. लोक ई कुपने सकाळीच उडवत आणि घोड्यांच्या ट्रामची नाहीतर लाकडी घोड्यांच्या चक्राची ए कुपने खिशात तशीच घेऊन घरी परतत. १९८२ साली ही पद्धत बंद झाली, तोवर ई कुपन लोकांच्या बोलण्यात इतके रुळले होते, की पुढच्याच वर्षी अवकाशात गेलेल्या सॅली राइड यांनी आपल्या उड्डाणाची तुलना त्याच्याशी केली. अशी कुपने खिडकीवर दिली तर त्यांच्यावर छापलेले सेंट हिशेबात धरले जातील, पण जुन्या वस्तू जमवणारे शौकीन त्यासाठी कितीतरी अधिक मोजतात. तेव्हा कोणाच्या घरात अशी कुपने निघालीच, तर त्यांचा उत्तम उपयोग खिडकीपासून लांब राहण्यातच आहे.

खरी मेख दिवसांच्या तिकिटात आहे, आणि ती बहुतेकांच्या लक्षात येत नाही. आमच्याकडे सगळ्यांनी मिळून ऑरलँडोला, म्हणजे डिस्ने वर्ल्डच्या गावी, जायचे ठरत होते, तेव्हा भावोजींनी जेवणाच्या टेबलावर पाकीट मागवून घेतले आणि कॅल्क्युलेटर काढला. "वहिनी, सात दिवस जायचंय ना? मग एक दिवस या जुन्या तिकिटावर काढू आणि नवं सहाच दिवसांचं घेऊ. एवढा महागडा दिवस फुकट मिळतोय, तर सोडायचा कशाला?" ऐकायला हे अगदी रास्त वाटते, पण या उद्यानांचे दर असे बांधलेले असतात की पहिले तीन-चार दिवस महाग आणि त्यापुढचा प्रत्येक दिवस उत्तरोत्तर स्वस्त. २००५ च्या दरपत्रकात एका दिवसाला सुमारे साठ डॉलर पडत आणि सात दिवसांना सुमारे दोनशे. पाचवा दिवस किंवा सातवा दिवस वाढवायला दहा डॉलरसुद्धा लागत नसत. आजचे आकडे मोठे असले, तरी सुरुवातीचे दिवस महाग आणि शेवटचे स्वस्त ही रीत तीच आहे. म्हणजे लांबच्या सहलीत जुना दिवस घातला, तर आपण सातव्या दिवसाची किरकोळ किंमत वाचवतो आणि त्या बदल्यात पहिल्या दिवसाच्या मोलाची वस्तू खर्च करून बसतो. हे कोहळा देऊन आवळा घेणे झाले. भावोजींनी दोनदा आकडेमोड केली, जाऊबाईंनी ती एकदा तपासली आणि पाकीट निमूटपणे खणात परत गेले.

जुन्या दिवसाची खरी जागा म्हणजे सुटा दिवस. पोर्ट कॅनव्हरलहून जहाजाच्या सफरीला निघायचे असते आणि बंदर ऑरलँडोपासून तासाभरावर असते. ऑरलँडोत कामाची परिषद असते आणि शेवटी एक दिवस मोकळा मिळतो. भारतात परतणाऱ्या पाहुण्यांचे विमान उद्या असते आणि आज काय करायचे हा प्रश्न असतो. एरवी अशा एकेका दिवसासाठी दरपत्रकातली सगळ्यात महाग ओळ वाचावी लागते. नेमकी ती ओळ जुन्या तिकिटाने चुकवावी. त्यातही ते पार्क हॉपर असेल, तर एकाच दिवसात सकाळी एक उद्यान आणि संध्याकाळी दुसरे करता येते, आणि हल्ली त्या सवलतीचेही वेगळे पैसे पडतात. एवढी काळजी मात्र घ्यावी, की २०२० पासून सुरू झालेली जागा राखून ठेवण्याची अट २०२४ च्या जानेवारीत तारखेच्या तिकिटांपुरतीच उठली आहे. बिनतारखेच्या तिकिटाला ती अजून लागू शकते, म्हणून निघण्याआधी चौकशी करून ठेवावी.

काही जुन्या तिकिटांवर मुख्य उद्यानांच्या दिवसांखेरीज प्लस नावाच्या जादा खेपाही असत आणि त्या तर हमखास उरत. या खेपा टायफून लगून आणि ब्लिझर्ड बीच या पाण्याच्या उद्यानांत वापरता येत, तशाच प्लेझर आयलंडच्या क्लबांत आणि पुढे डिस्नेक्वेस्ट या व्हिडिओ खेळांच्या इमारतीतही. प्लेझर आयलंडचे क्लब २००८ साली बंद झाले आणि डिस्नेक्वेस्ट २०१७ साली. म्हणजे तिकीट जिवंत आणि जागा गेली, असाही प्रकार होतो. मुंबईकरांना हे समजावून सांगायला नको, कारण गोराईची फेरी पकडून ज्या एस्सेलवर्ल्डला आमच्या पिढीच्या शाळांच्या सहली गेल्या, तेही आता बंद आहे. सुदैवाने पाण्याची दोन्ही उद्याने उभी आहेत, तेव्हा प्लसचा ओघ तिकडे वळवावा आणि जाण्यापूर्वी त्यातले कोणते उघडे आहे ते पाहून घ्यावे, कारण त्यांतले एखादे बरेचदा दुरुस्तीला बंद असते.

विकून टाकावे का, असे पुष्कळजण विचारतात. ऑरलँडोजवळ किसिमीतून जाणाऱ्या १९२ क्रमांकाच्या रस्त्यावर सवलतीच्या तिकिटांच्या पाट्या मैलोगणती दिसतात, त्यामुळे मोह होणे स्वाभाविक आहे. परंतु अनेक दिवसांचे तिकीट थोडे वापरून उरलेले दुसऱ्याला विकणे हा फ्लॉरिडात गुन्हा आहे, आणि दारावर बोटाचे माप घेतले जात असल्यामुळे तिकीट ज्याचे त्याचेच राहते. विकत घेणाऱ्याची गत त्याहून वाईट, कारण पट्टीत काय उरले आहे हे त्याला रस्त्याच्या कडेला उभे राहून कळणार कसे? ज्याच्या नावाने सही आहे त्यानेच जावे, हे बरे.

आता राहिला प्रश्न कोणता दिवस निवडायचा याचा, आणि इथे आमच्या घरात दोन तट आहेत. यजमानांचे म्हणणे असे, की ज्या तारखेला दर सर्वांत जास्त त्या तारखेला जुने तिकीट वापरावे, म्हणजे नाताळ आणि नववर्षाच्या मधला आठवडा. हिशेब म्हणून त्यात खोट काढता येत नाही. पण त्या आठवड्यात आत गेल्यावर मिळते काय, तर रांग. शिवाय अटलांटाहून सात तास गाडी हाकून जायचे ते रोषणाई बघायला की समोरच्या माणसाची पाठ बघायला, असे मला वाटते. मला वाटते, त्या तिकिटाचे पैसे कधीच विसरले गेले आहेत आणि ते विसरलेले असणे हाच त्याचा सर्वांत मोठा फायदा आहे. ताज्या तिकिटावर माणूस पहाटेपासून आतिशबाजीपर्यंत धावतो, पोरांना ओढतो, सासूबाईंना घाई करतो आणि एवढे करूनही पैसे वसूल झाले नाहीत म्हणून हळहळतो. जुन्या तिकिटावर चार वाजता आत जावे, डिस्ने वर्ल्डमधल्याच एपकॉट या उद्यानात, निरनिराळ्या देशांची दालने असलेल्या तळ्याभोवती सावकाश एक फेरी मारावी, जपानच्या दालनात चहा घ्यावा आणि एकाही रांगेत उभे न राहता परत यावे. एवढी चैन नव्या तिकिटावर परवडत नाही.

म्हणून माझे मत सप्टेंबरातल्या मंगळवाराला आहे. शाळा उघडलेल्या असतात, गर्दी ओसरलेली असते आणि उकाडा सोसायची आपल्याला सवय आहेच. यजमान म्हणतात की सप्टेंबर हा चक्रीवादळांचा हंगाम, आणि त्यात तथ्य आहे. पण दिवसांच्या तिकिटाला वादळाचीही घाई नसते, या वर्षी नाही जमले तर पुढच्या वर्षी, हे माझे उत्तर त्यांना अजून पटलेले नाही. हॉटेलचे आरक्षण करायचे राहिले आहे.