शस्त्रखरेदीत वर्षं कुठे जातात

३ जुलै २०२५ रोजी संरक्षण अधिग्रहण परिषदेने, म्हणजे डीएसीने, सुमारे १.०५ लाख कोटी रुपयांच्या दहा प्रस्तावांना मंजुरी दिली. अशी बातमी वाचली की सामान जणू बंदरात येऊन लागलं असं वाटतं. प्रत्यक्षात डीएसीने दिलेली असते ती एओएन: गरज मान्य आहे, पुढची प्रक्रिया सुरू करा. कंपनी ठरलेली नसते, किंमत ठरलेली नसते, एक रुपयाही दिलेला नसतो. एओएनला मुदतही असते. डीपीपी २०१६ ने, म्हणजे तेव्हाच्या संरक्षण खरेदीच्या नियमावलीने, थेट खरेदीच्या प्रस्तावांसाठी ती एक वर्षावरून सहा महिन्यांवर आणली. तेवढ्यात आरएफपी, म्हणजे निविदेची कागदपत्रं, निघाली नाहीत तर एओएन बाद होते किंवा पुन्हा मंजूर करून घ्यावी लागते.

मग वर्षं जातात कुठे? सर्वांत जास्त वेळ दोन ठिकाणी जातो असं माझं ठाम मत आहे. एक, अगदी सुरुवातीला, अपेक्षा लिहिताना. दोन, अगदी शेवटी, मुख्य वस्तूबरोबर लागणारं जोडसामान वेगळ्या फाइलवर टाकताना. मधल्या टप्प्यांवर आपण बोट ठेवतो, पण ते बहुतेक वेळा आधीच्या चुकांची किंमत मोजत असतात.

आधी पैशांचं बघू. डीएपी २०२० नुसार, म्हणजे डीपीपीच्या जागी आलेल्या नियमावलीनुसार, तिन्ही दलांच्या गरजा दहा वर्षांच्या क्षमता-आराखड्यात (आयसीडीपी) येतात, त्यातून पाच वर्षांचा खरेदी-आराखडा (डीसीएपी) निघतो आणि त्यातून दोन वर्षांचा, दरवर्षी पुढे सरकणारा आराखडा. योजना दहा वर्षांची, पैसे मात्र ३१ मार्चपर्यंतचे. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात भांडवली तरतूद १.८० लाख कोटी होती, त्यातले सुमारे १.४९ लाख कोटी आधुनिकीकरणाचे. यातला मोठा वाटा आधीच सही झालेल्या करारांच्या हप्त्यांत जातो, आणि हप्ते टप्प्यांना बांधलेले असतात: इतकं काम झालं की इतके टक्के. कारखान्यात माल अडला की हप्ता अडतो आणि मार्चअखेर पैसे परत जातात. २०२४-२५ मध्ये १.७२ लाख कोटींचा अंदाज सुधारित आकड्यांत सुमारे १.६० लाख कोटींवर आला. पंधराव्या वित्त आयोगाने यासाठी मार्चअखेर न संपणारा निधी सुचवला होता. २०२१ ते २०२६ या काळासाठी त्याचा आकार सुमारे २.३८ लाख कोटी होता. ती शिफारस अगदी योग्य होती.

आता अपेक्षांचा कागद, म्हणजे क्यूआर. २०११ मध्ये लष्कराने सुमारे ६६ हजार रायफलींसाठी निविदा काढली. अट अशी की एकाच रायफलीला नळी बदलून ५.५६ आणि ७.६२ अशा दोन्ही कॅलिबरच्या गोळ्या चालल्या पाहिजेत. शिवाय वजन, अचूकता, टिकाऊपणा यांच्या अटी होत्याच. सुटी बघितली तर प्रत्येक अट वाजवी वाटते. सगळ्या मिळून मात्र असं हत्यार मागत होत्या, जे कोणत्याही मोठ्या फौजेच्या हातात नव्हतं. चार वर्षांनी, २०१५ मध्ये, निविदा रद्द झाली. शेवटी फौजेने एकाच कॅलिबरच्या रायफली घेतल्या: २०१९ च्या करारातून ७२,४०० सिग ७१६ आणि डिसेंबर २०२१ च्या करारातून एके-२०३.

क्यूआर लिहिताना सर्रास होणारी चूक म्हणजे चार कंपन्यांची माहितीपत्रकं समोर ठेवून प्रत्येकातला सर्वांत चांगला आकडा उचलणं. एकीचं वजन, दुसरीचा पल्ला, तिसरीची किंमत. दुसरी चूक म्हणजे मोजता न येणारी अट. ‘अतिउंचीवर चालावं’ याला अट म्हणत नाहीत. किती मीटर उंचीवर, उणे किती अंशात, किती तास थंडीत ठेवल्यावर आणि मग किती मिनिटांत सुरू झालं पाहिजे, हे लिहिलं तरच चाचणीच्या दिवशी पास-नापास ठरतं. नाहीतर चाचणी घेणारा आणि कंपनी दोघेही आपापला अर्थ लावतात, आणि तक्रारीला तिथेच जागा होते.

डीएपीत यावर उपाय आहे, पण तो पुरेसा वापरला जात नाही. अटींचे तीन गट करता येतात. ‘अ’ गटातल्या अटी वस्तूत आजच असल्या पाहिजेत. ‘ब’ गटातल्या करारानंतर ठरल्या वेळेत पूर्ण करण्याची लेखी हमी चालते. तिसरा गट जादा कामगिरीचा. ती सक्तीची नसते, पण असेल तर किमतीच्या तुलनेत गुण मिळतात: एका बाबीला जास्तीत जास्त ३ टक्के, सगळ्या मिळून १० टक्के. समजा एका कंपनीची बोली १०० कोटींची आहे आणि जादा काहीच नाही. दुसरीची १०६ कोटी, पण तिला ८ टक्के गुण. मग तुलनेसाठी तिची किंमत १०६ गुणिले ०.९२, म्हणजे ९७.५२ कोटी धरतात आणि एल-वन, म्हणजे सर्वांत कमी किमतीची, ती ठरते. पैसे मात्र १०६ कोटीच द्यायचे. हौशी अटी सक्तीच्या यादीत कोंबण्याऐवजी या तिसऱ्या गटात टाकल्या, तर निम्म्या निविदा वाचतील.

आरएफपीनंतर कागदावरची तांत्रिक छाननी होते आणि मग चाचण्या. कंपनी आपल्या खर्चाने सामान आणते, खरेदीची कुठलीही हमी नसते. वाळवंटातली चाचणी मे-जूनमध्येच व्हायला हवी आणि अतिथंडीतली जानेवारी-फेब्रुवारीत. सामान यायला सहा आठवडे उशीर झाला आणि हंगाम चुकला, की सरळ एक वर्ष गेलं. शिवाय डीजीक्यूएच्या, म्हणजे संरक्षण सामानाची गुणवत्ता तपासणाऱ्या सरकारी संस्थेच्या, प्रयोगशाळेतल्या चाचण्या, विद्युतचुंबकीय चाचण्या आणि देखभालीची चाचणी. या शेवटच्या चाचणीत जवान आपल्याच अवजारांनी इंजिन उतरवू शकतो का हे बघतात. या टप्प्यावर अट सैल करायची म्हटलं तर ज्यांनी त्या अटीमुळे बोलीच लावली नाही ते उभे राहतात, आणि फाइल चौकशीत अडकते. क्यूआरची चूक इथे अशी उघडी पडते.

पुण्याच्या वाचकांना एटीएजीएस तोफ जवळची आहे. पाषाणच्या एआरडीईने, म्हणजे डीआरडीओच्या शस्त्र-संशोधन प्रयोगशाळेने, तिचं काम या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या सुरुवातीला हाती घेतलं, भागीदार भारत फोर्ज आणि टाटा. ऑगस्ट २०१८ मध्ये १५० तोफांना एओएन मिळाली. सप्टेंबर २०२० मध्ये पोखरणला चाचणीत नळी फुटली आणि पुन्हा तपासण्या आल्या. करार झाला २६ मार्च २०२५ रोजी, सुमारे ६,९०० कोटींचा, एकूण ३०७ तोफांसाठी. एल-वन भारत फोर्जला ६० टक्के आणि टाटांना ४० टक्के काम. एक गोष्ट मला यात फार आवडली: तोफ ओढणाऱ्या सहाचाकी गाड्यांचे करारही त्याच दिवशी, त्याच रकमेत झाले.

असं नेहमी होत नाही. स्कॉर्पीन पाणबुड्यांचा करार ऑक्टोबर २००५ चा. सहाही पाणबुड्या मुंबईत माझगाव डॉकमध्ये बांधल्या गेल्या. कलवरी डिसेंबर २०१७ मध्ये नौदलात आली, शेवटची वागशीर जानेवारी २०२५ मध्ये. पाणतीर (टॉर्पेडो) मात्र वेगळ्या फाइलवर होते. निवड झाली होती ब्लॅक शार्कची. तो बनवणारी कंपनी फिनमेकॅनिका समूहातली, आणि त्याच समूहाच्या व्हीआयपी हेलिकॉप्टरचा घोटाळा बाहेर आला. २०१६ मध्ये पाणतीरांची निविदा रद्द झाली. नव्या पाणबुड्या जुन्या एसयूटी पाणतीरांवर चालवाव्या लागल्या. लाचखोरी करणाऱ्याला शिक्षा व्हायलाच हवी. पण बंदी घालताना त्या समूहाचं काय काय आपल्या ताफ्यात अडकलंय आणि पर्याय कुठला, याची यादी आधी टेबलावर हवी.

तेजस एमके-वनए या लढाऊ विमानाची गोष्ट याच जातीची. फेब्रुवारी २०२१ मध्ये ८३ विमानांचा करार, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या जीई कंपनीबरोबर ९९ एफ-४०४ इंजिनांचा. इंजिनाची उत्पादनसाखळी दरम्यान बंद पडलेली होती, ती पुन्हा उभी करण्यात वेळ गेला. पहिलं इंजिन मार्च २०२५ मध्ये आलं, म्हणजे पहिलं विमान द्यायची मुदत उलटून वर्षभराने. ऑक्टोबर २०२५ मध्ये हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या (एचएएल) नाशिकच्या नव्या उत्पादनसाखळीतून पहिलं विमान उडालं, ही आनंदाचीच गोष्ट. पण सांगाडे कितीही जोडले तरी विमानं इंजिनांच्या संख्येइतकीच होतात. इंजिन, गिअरबॉक्स, रडार अशा ज्या भागांना दुसरा पुरवठादार नाही, त्यांची मागणी मुख्य कराराच्या आधी नोंदवण्याची तरतूद हवी.

दारूगोळ्याचं दुखणं हिशेबाच्या वह्यांत आहे. तोफ भांडवली खर्चातून येते. सुरुवातीचा साठा तिच्याबरोबर येऊ शकतो, पण पुढचे गोळे आणि सुटे भाग महसुली खर्चातून, वेगळ्या नियमांनी येतात (१ नोव्हेंबर २०२५ पासून डीपीएम २०२५ ही महसुली खरेदीची नियमावली). ओढाताण झाली की महसुली खर्चाला कात्री लावणं सोपं, कारण त्याची बातमी होत नाही. कॅगच्या २०१७ च्या अहवालात १५२ पैकी ६१ प्रकारच्या दारूगोळ्याचा साठा दहा दिवसही पुरणारा नव्हता.

किमतीच्या वाटाघाटींबद्दल थोडक्यात. १२६ लढाऊ विमानांची आरएफपी ऑगस्ट २००७ मध्ये निघाली, जानेवारी २०१२ मध्ये राफेल एल-वन ठरलं. पुढची तीन वर्षं एका प्रश्नात गेली: एचएएलमध्ये बनणाऱ्या १०८ विमानांची हमी कोणाची? आरएफपीचा अर्थ दोन्ही बाजू वेगळा लावत होत्या, म्हणजे मूळ दोष पुन्हा सुरुवातीच्या कागदातच. २०१५ मध्ये ती प्रक्रिया बंद झाली आणि मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना सप्टेंबर २०१६ मध्ये थेट फ्रेंच सरकारशी ३६ विमानांचा करार झाला.

चांगलं उदाहरण म्हणून के-९ वज्रकडे बघावं. वापरात असलेली कोरियन तोफ, आपल्या वाळवंटासाठी मोजके बदल, पोखरणला चाचण्या. २०१७ मध्ये १०० तोफांचा सुमारे ४,५०० कोटींचा करार झाला. पहिल्या दहा कोरियातून आलेल्या भागांतून जोडल्या, बाकीच्या एल अँड टीने हजिऱ्यात बनवल्या. शेवटची तोफ फेब्रुवारी २०२१ मध्ये दिली गेली, तीही वेळेआधी. पण पुढच्या १०० तोफांचा ७,६२८ कोटींचा करार व्हायला डिसेंबर २०२४ उजाडला. जवळजवळ चार वर्षं. एवढ्या काळात वेल्डर दुसऱ्या कामाला लागतात, छोटे पुरवठादार साचे मोडीत काढतात, आणि प्रत्येक भागाची गुणवत्ता-मान्यता नव्याने घ्यावी लागते. वाढीव संख्येचं कलम करारात घालता येतं, पण त्याचा निर्णय शेवटची तोफ बाहेर पडण्याच्या निदान दीड वर्ष आधी व्हायला हवा. एटीएजीएसच्या बाबतीत ती तारीख आत्ताच कॅलेंडरवर टाकून ठेवता येईल.